सर्व्हेचे फॉर्म तर आले, आता पुढं काय? कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी आकडेमोडीची शिकवणी

कॉलेजचा प्रोजेक्ट असू दे, तालीम मंडळाचा उपक्रम असू दे नाहीतर ग्रामपंचायतीला द्यायचं निवेदन, आजकाल सगळीकडं एकच पद्धत, गुगल फॉर्म बनवायचा, व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर ढकलायचा, "प्लीज भरा दोन मिनिटं लागतील", आणि तीनचारशे उत्तरं जमली की डोकं खाजवत बसायचं, आता ह्याचं करायचं काय. फॉर्म स्वतःच रंगीत गोल काढून देतो, त्याचा स्क्रीनशॉट रिपोर्टात चिकटवला की बऱ्याच जणांचं अ‍ॅनालिसिस तिथंच संपतं. त्याच्या पुढं ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. गणित दहावीचं बास झालं, आणि गुगल शीट, एक्सेल किंवा फुकटातलं लिब्रे ऑफिस ह्यातलं काहीही चालतं. फक्त एक सवय लावून घ्या, कुठलाही टक्का समोर आला की लगेच विचारायचं, कितीपैकी? आणि कोणापैकी?

सगळीकडं एकच उदाहरण वापरतो म्हणजे गोंधळ नको. समजा प्रश्न असा आहे, "रविवारी महाद्वार रोड गाड्यांसाठी बंद ठेवावा का?" उत्तरं तीन: हो, नाही, सांगता येत नाही. साफसफाई करून ४०० फॉर्म उरले, त्यात २६० पुरुष, १४० बायका. हे आकडे मी शिकवायसाठी बनवलेत बरं का, खरे म्हणून कुठं फॉरवर्ड करू नका.

पायरी १: शीट उघडायच्या आधी, कोणाला विचारलं ते कागदावर लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि खरं सांगायचं तर अर्धा निकाल इथंच लागलेला असतो. हद्दवाढीचाच विषय घ्या, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घ्यायची की नाही, बिंदू चौकात उभं राहून विचारलं तर एक उत्तर मिळेल, उचगावात पारावर बसून विचारलं तर दुसरंच, दोन्ही माणसं खरं बोलतायत, फक्त तुम्ही कुठं उभं होता ते बदललं. सीबीएसवर (मध्यवर्ती बस स्टँडवर) थांबून "कोल्हापूरकरांचं मत" घ्यायला गेलात तर त्यात निम्मी माणसं गारगोटी-गडहिंग्लजची बस धरायला आलेली असणार. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलात तर फिरायला वेळ असलेले लोक, तालमीच्या कट्ट्यावर गेलात तर नुसते पुरुष, सकाळी अकराला घरोघरी गेलात तर गृहिणी आणि रिटायर्ड मंडळी, नोकरीवाले सगळे गायब.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला फॉर्म म्हणजे काय तर तुमच्या ओळखीच्यांच्या ओळखीचे, त्यातही ज्यांना ह्या विषयाचा राग किंवा लोभ आहे तेच. महाद्वार रोडवरच्या दुकानदारांच्या एका ग्रुपवर लिंक पडली की एका रात्रीत साठ "नाही" येतील.

मग भरपूर फॉर्म गोळा केले तर? नाही भागत. अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं, प्रत्यक्षात रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आला. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळातले खाऊनपिऊन सुखी लोक, आणि वरून ज्यांना चीड होती त्यांनीच उत्तरं जास्त पाठवली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप नावाच्या सर्व्हेवाल्यानं सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर दिशा बरोबर सांगितली.

लांब कशाला, आपल्या जवळच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, त्यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. शेतात अगदी छोटा तुकडा आखून कापला की कडेवरची रोपं हात सैल सोडून आत धरली जातात, त्यामुळं उतारा दरवेळी जास्तच दिसतो. असे हजार तुकडे कापले तरी जास्तच दिसणार, कारण चूक एकाच बाजूला झुकलेली आहे. तुमच्या फॉर्मचंही तेच.

नीट करायचंच असेल तर मार्ग आहे. मतदार यादीचे भाग घ्या, त्यातले काही चिठ्ठ्या टाकून निवडा, निवडलेल्या भागात दर दहावं किंवा विसावं घर धरा, आणि घरात जो दार उघडेल त्याला न विचारता ज्याचा वाढदिवस सगळ्यात लवकर येणार आहे त्या सज्ञान माणसाला विचारा (दार उघडणारे ठराविकच असतात, घरोघरी तेच). माणूस घरी नसेल तर परत जा, शेजारच्याला पकडू नका. किती घरं बंद होती, किती जणांनी "नको बाबा" म्हटलं ते पण लिहा, तो आकडा रिपोर्टात लागतो. आणि जमत नसेल, फॉर्मच फिरवला असेल, तरी हरकत नाही, पण मग "कोल्हापूरकर म्हणतात" असं लिहायचं नाही, "फॉर्म भरणाऱ्या ४०० जणांपैकी" असं लिहायचं.

पायरी २: मूळ फाइलला हात लावायचा नाही

आलेल्या उत्तरांची कॉपी काढा, मूळ शीट लॉक करा, आणि सगळी कापाकापी कॉपीवर. नाव आणि मोबाइल नंबरचे कॉलम लगेच वेगळ्या फाइलीत टाका, प्रत्येक ओळीला नुसता अनुक्रमांक ठेवा, ग्रुपवर फाइल शेअर करताना लोकांचे नंबर फिरायला नकोत.

आता साफसफाई. ह्यात वेळ जातो आणि जाऊ द्यायचा. राहण्याचं ठिकाण लिहून घेतलं असेल तर एकच जागा सात प्रकारे येते: कसबा बावडा, क. बावडा, बावडा, कसबा बावडा पण शेवटी एक स्पेस जास्त, कोणी इंग्रजीत, कोणी सगळं कॅपिटल. शीटच्या दृष्टीनं ही सात वेगळी गावं. ट्रिम फंक्शननं जादा स्पेस उडतात, बाकीचं फाइंड-रिप्लेसनं हातानं. पुढच्या वेळी ड्रॉपडाउन द्या, हा उद्योगच वाचतो.

वयाच्या कॉलममध्ये कोणी ४५ देवनागरीत लिहितं, कोणी "४५ वर्षे", कोणी "पंचेचाळीस". शीट ह्यातल्या बऱ्याच गोष्टी आकडा न धरता मजकूर धरते आणि सरासरी काढताना मजकूर गुपचूप वगळते, एरर पण दाखवत नाही. म्हणून आधी त्या कॉलममध्ये आकडे किती आहेत ते काउंट फंक्शननं मोजा, ४०० पाहिजेत आणि ३६१ आले तर ३९ कुठंतरी लपलेत. उलटी भानगड पण असते, "माहीत नाही" ला ९९ असा कोड दिला आणि विसरला, की वयाच्या सरासरीत ९९ वर्षांची म्हातारी माणसं घुसतात. रिकामी जागा म्हणजे शून्य नाही, ती रिकामीच ठेवा. आणि "१०-१२" असा गट साध्या आकड्यांत टाइप केला की एक्सेल त्याची १० डिसेंबर अशी तारीख करून टाकतं, म्हणून "१० ते १२" असं लिहा.

डुप्लिकेट बघा, एकाच मिनिटात आलेले एकसारखे पाच फॉर्म म्हणजे कोणीतरी बसून भरलेत. पण नुसतं उत्तर पटत नाही म्हणून ओळ उडवायची नाही हं. काय उडवलं आणि का, ते एका वेगळ्या टॅबमध्ये लिहून ठेवा. "४१९ आले, १४ डुप्लिकेट, ५ जणांनी मुख्य प्रश्नच सोडला, उरले ४००", एवढी ओळ पुरते.

पायरी ३: वयाकडं जरा जास्त वेळ बघा

लोकसंख्येच्या माहितीत सगळ्यात फसवा कॉलम हा. आपल्याकडं वय विचारलं की "असंल की पन्नास-पंचावन्न" असं उत्तर येतं आणि विचारणारा पन्नास लिहून मोकळा होतो. त्यामुळं ३०, ३५, ४०, ५० ह्या वयांवर माणसांचा ढीग लागतो आणि ४९, ५१ ओसाड. भारताच्या जनगणनेतही हे दिसतं, तेव्हा तुमचंच काहीतरी बिघडलंय असं समजू नका, पण किती बिघडलंय ते मोजा.

मोजायला व्हिपल निर्देशांक म्हणून सोपी युक्ती आहे. २३ ते ६२ ह्या वयातली माणसं घ्या. त्यातल्या चाळीस वयांपैकी आठ वयं शून्य किंवा पाचनं संपतात, म्हणजे लोकांनी वय नेमकं सांगितलं तर अंदाजे एकपंचमांश माणसं तिथं पाहिजेत. समजा तुमच्याकडं ह्या वयाची ३०० माणसं आहेत आणि त्यातल्या ९६ जणांचं वय शून्य किंवा पाचनं संपतंय. ९६ भागिले ३००, गुणिले ५००, आलं १६०. शंभर आलं असतं तर वयं चोख, पाचशे म्हणजे सगळ्यांनीच गोल आकडा ठोकला. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीत १०५ च्या आत म्हणजे उत्तम आणि १२५ ते १७५ म्हणजे ढोबळ, तेव्हा तुमचं १६० ढोबळात बसलं. अशा माहितीवर "४७ वर्षांच्या लोकांना वाटतं" असली वाक्यं करायची नाहीत, गटच करायचे, आणि गट असे करा की ढीग कडेवर येणार नाहीत, म्हणजे २३ ते ३२, ३३ ते ४२ असे, मग तिशीवाला चुकून २९ चा निघाला तरी गट तोच. फक्त जनगणनेशी ताडून बघायचं असेल तर तिचेच गट घ्यावे लागतात, तिथं इलाज नाही.

फॉर्म अजून छापायचा असेल तर वय विचारूच नका, जन्मसाल विचारा. जुन्या माणसांना तेही सांगता येत नाही, तिथं घटना धरून विचारायची: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९६७ ला, तुम्ही केवढ्या होता? ७२ च्या दुष्काळात शाळेत जात होता की लग्न झालं होतं? आजीबाई "दुष्काळात माझा थोरला पोटात होता" म्हणाल्या की वय बऱ्यापैकी जुळवता येतं, आणि वर अर्धा तास गप्पा फुकट.

पायरी ४: मोजा, पण तळाचा आकडा सोडू नका

पिव्हट टेबल (शीट स्वतःच मोजून देते तो तक्ता) टाका किंवा काउंटइफनं (एखादं उत्तर किती वेळा आलं ते सांगणारं फंक्शन) मोजा. आपल्या उदाहरणात आलं असं: हो १७५, नाही १७८, सांगता येत नाही ४७. एकूण ४००.

आता "हो" किती टक्के? ४०० पैकी १७५, म्हणजे ४४ टक्के. पण कोणीतरी हुशार म्हणणार, ज्यांनी मतच दिलं नाही त्यांना कशाला धरता, मग ३५३ पैकी १७५, म्हणजे ५० टक्के. एकच शीट, एकच प्रश्न, आणि एका पेपरात "निम्मे कोल्हापूरकर बाजूने" तर दुसऱ्यात "निम्म्याहून कमी पाठिंबा". दोन्ही हिशोब बरोबर आहेत, तळ वेगळा आहे. माझं मत विचाराल तर "सांगता येत नाही" वाल्यांना ठेवा, ते ४७ जण पण एक बातमीच आहे, पण काहीही करा, टक्क्याच्या शेजारी कितीपैकी ते लिहा.

एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायचा प्रश्न असला ("कशानं जाता? चालत, दुचाकी, केएमटी बस, रिक्षा") तर टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, घाबरू नका, तसंच असतं, फक्त त्याचा गोल काढू नका. गुगल फॉर्म ही सगळी उत्तरं एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन कोंबतो, तेव्हा प्रत्येक पर्यायाचा वेगळा कॉलम करून त्यात १ किंवा ० भरा, मग मोजणी सोपी.

टक्क्यात दशांश नको. ४०० माणसांच्या सर्व्हेत ४३.७५ टक्के लिहिणं म्हणजे नुसता शो.

पायरी ५: सरासरी जपून

पाच घरांचं महिन्याचं उत्पन्न हजारांत: १२, १५, १८, २०, १३५. सरासरी ४०, आणि चाळीस हजारवालं त्या पाचात एकही घर नाही. ओळीत लावून मधलं बघा, १८. हा मध्यक. उत्पन्न, जमीन, खर्च ह्या गोष्टींत नेहमी मध्यक द्या. मतांच्या १ ते ५ पट्टीत पण तेच लफडं, निम्म्यांनी १ दिला आणि निम्म्यांनी ५ तर सरासरी ३ येते आणि वाचणाऱ्याला वाटतं लोक शांत आहेत, प्रत्यक्षात गावात दोन तट पडलेत. तिथं सरासरीपेक्षा प्रत्येक आकड्यावर किती जण ते दाखवा.

पायरी ६: आडवं-उभं टेबल, आणि इथली सगळ्यात मोठी घसरगुंडी

आता स्त्री-पुरुष वेगळे करा. पिव्हटमध्ये ओळीत लिंग, कॉलममध्ये उत्तर.

पुरुष २६०: हो ९१, नाही १४३, सांगता येत नाही २६.
बायका १४०: हो ८४, नाही ३५, सांगता येत नाही २१.

पुरुषांतले ३५ टक्के हो म्हणाले, बायकांतले ६० टक्के. चांगला घसघशीत फरक. पण पिव्हटमध्ये टक्के दाखवायचे दोन रस्ते असतात, ओळीचे आणि कॉलमचे, आणि चुकून दुसरा दाबला की येतं ४८ टक्के. हे ४८ म्हणजे काय? हो म्हणणाऱ्या १७५ जणांपैकी ८४ बायका. "बायकांपैकी ६० टक्के हो म्हणाल्या" आणि "हो म्हणणाऱ्यांत ४८ टक्के बायका" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दुसऱ्यावरून "बायकांचा पाठिंबा निम्म्याहून कमी" असं लिहिलं की झाला घोळ, आणि हा घोळ छापील रिपोर्टांत पण सर्रास दिसतो. ज्या गटांची तुलना करायची त्या प्रत्येक गटाची बेरीज १०० यायला पाहिजे, एवढं बघितलं की वाचलात.

मग लगेच "बाई आहे म्हणून हो म्हणते" असा निष्कर्ष काढायची घाई नको. कदाचित तुमच्या फॉर्ममधल्या पुरुषांत दुकानदार जास्त असतील आणि बायकांत गिऱ्हाईकं जास्त, मग फरक लिंगाचा नसून धंद्याचा. तपासायचं कसं, तर दुकानदार आणि बिनदुकानदार असे दोन ढीग करून प्रत्येकात परत तेच टेबल काढा. फरक दोन्हीकडं टिकला तर लिंगाच्या फरकात दम आहे, गायब झाला तर खरा विषय दुकान होता. ह्यापुढं तीन-चार गोष्टी एकदम तोडायला गेलात तर खान्यात तीन-चार माणसं उरतील. साधारण तीसच्या खाली माणसं असलेल्या गटाचे टक्के मी देत नाही. जिल्ह्यात १२ तालुके, त्यातल्या गगनबावड्यातून तीन फॉर्म आले आणि दोघं हो म्हणाले तर "गगनबावड्यात ६७ टक्के" लिहिणं हास्यास्पद आहे, वर त्या तिघांना गावात कोणीही ओळखेल ते वेगळंच.

पायरी ७: प्लस-मायनस

४०० जणांना विचारून लाखोंचं मत सांगताना थोडं इकडंतिकडं होणारच, ते किती हे काढायची जुजबी पद्धत: १ भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. ४०० चं वर्गमूळ २०, एकावर वीस म्हणजे ५ टक्के. म्हणजे आपल्याला ४४ आलं तरी खरा आकडा ३९ ते ४९ मध्ये कुठंही असू शकतो, शंभरात ९५ वेळा. १०० माणसं असतील तर ±१०, हजार असतील तर ±३. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून बहुतेक सर्व्हे हजाराच्या आसपास थांबतात, पुढं खर्च परवडत नाही. गंमत म्हणजे शहर केवढं आहे ह्यानं फारसा फरक पडत नाही, २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखाचं आणि जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा, दोन्हीकडं ४०० माणसांना ±५ च.

गटांना त्यांचं स्वतःचं प्लस-मायनस लागतं: १४० बायकांचं ±८, २६० पुरुषांचं ±६. ३५ आणि ६० मध्ये २५ चं अंतर आहे, तेव्हा तो फरक ह्या डुगडुगीत बुडत नाही.

पण हो १७५ आणि नाही १७८, तीन माणसांचा फरक, ह्यावर "विरोधकांची सरशी" अशी हेडलाइन करू नका. एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांतलं अंतर बघताना तर प्लस-मायनस जवळपास दुप्पट धरावं लागतं, इथं ±९.

दोन इशारे. एक, हे सगळं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याला लागू. व्हॉट्सअ‍ॅप फॉर्मला ±५ लिहिणं म्हणजे उगाच शास्त्रीय दिसायची हौस. दोन, एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखा विचार करतात, त्यामुळं २० गल्ल्यांतून २० - २० जण घेतले तर ते ४०० वेगवेगळी मतं होत नाहीत. गल्लीतला सारखेपणा (शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे सगळे एकसारखे) अगदी थोडा, ०.०५ धरला तरी हिशोब असा: १ अधिक (२० वजा १) गुणिले ०.०५, म्हणजे १.९५. चारशेला १.९५ नं भागा, हातात उरली २०५ माणसं, आणि ±५ चं झालं ±७. म्हणून गल्ल्या जास्त आणि प्रत्येकीत माणसं कमी, पाय दुखतात पण काम चोख होतं.

पायरी ८: वजन देणं

आपल्या ४०० मध्ये बायका ३५ टक्केच आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागं ९५७ स्त्रिया, म्हणजे ४९ टक्के. हिशोब सोपा व्हावा म्हणून निम्मे-निम्मे धरू. मग प्रत्येक बाईचं उत्तर ५० भागिले ३५, म्हणजे १.४३ पट मोजायचं, आणि प्रत्येक पुरुषाचं ५० भागिले ६५, म्हणजे ०.७७ पट. शीटमध्ये "वजन" असा एक कॉलम टाका आणि काउंटइफच्या ऐवजी समइफनं वजनांची बेरीज करा.

काय होतं बघा. हो: ३५ आणि ६० ची मधली, ४७.५ टक्के. नाही: पुरुषांत ५५, बायकांत २५, मिळून ४० टक्के. आधी "नाही" केसभर पुढं होतं, आता "हो" साडेसात टक्क्यांनी पुढं! एकाही माणसानं मत बदललेलं नाही, फक्त कमी आलेल्या बायकांना त्यांची जागा दिली. आणि तरीही नाचू नका, मघाचं ±९ आठवा, साडेसातचं अंतर त्याच्या आतच आहे (वजन दिल्यावर प्लस-मायनस आणखी थोडं वाढतं). प्रामाणिक वाक्य असं होईल: हो जरा पुढं दिसतंय पण खात्रीनं सांगता येत नाही.

वजन हा जालीम उपाय नाही हे पण समजून घ्या. तुमच्या फॉर्ममध्ये आलेल्या १४० बायका जर सगळ्या राजारामपुरी-ताराबाई पार्कातल्या स्मार्टफोनवाल्या असतील तर त्यांना १.४३ नं गुणून शिवाजी पेठेतल्या म्हाताऱ्या आजीचं मत तयार होत नाही. कोणाचं वजन तीन-चारच्या वर जायला लागलं तर समजायचं की तो गट फॉर्ममध्ये नाहीच, वजन देत बसू नका, बाहेर पडा आणि त्यांना विचारून या. आणि ताडून बघायला आपल्याकडं अजून २०११ चेच आकडे, २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची, तेव्हा उपनगरं किती फुगलीत ह्याचा हिशोब त्या आकड्यांत नाही हे रिपोर्टात एका ओळीत टाकून द्या.

पायरी ९: काय-स्क्वेअर, पाच मिनिटांत

सर हमखास विचारतात, म्हणून. विचार एवढाच, लिंगाचा आणि उत्तराचा काही संबंधच नसता तर खान्यात किती आले असते? हो म्हणणारे १७५, पुरुष ६५ टक्के, म्हणजे ११३.७५ पुरुष हो म्हणायला हवे होते, म्हणाले ९१. प्रत्येक खान्यात हा फरक काढा, वर्ग करा, अपेक्षित आकड्यानं भागा, सहाही खान्यांची बेरीज करा. आपल्या टेबलाची येते सुमारे ३३. दोन ओळी, तीन कॉलम अशा टेबलाला ५ टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे नुसत्या योगायोगानं शंभरात पाचदाच दिसेल एवढा फरक) ५.९९ ओलांडावं लागतं, आपण कधीच ओलांडलं, म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगानं आलेला असणं फारच अवघड. अपेक्षित आकडा पाचच्या खाली जाणारे खाने असतील तर ही चाचणी डळमळते, तेव्हा गट एकत्र करा.

पण ३३ म्हणजे "खूप मोठा फरक" असं नाही. माणसं भरपूर असली की किरकोळ फरक पण ही परीक्षा पास होतो. आणि वीस वेगवेगळे टेबल तपासले की एखादं नुसत्या नशिबानं पास होणारच, मग तेच एक उचलून रिपोर्टात लावणं ही फसवणूक आहे, भले नकळत का असेना. काय तपासायचं ते आधी ठरवा.

पायरी १०: "इतर काही सांगायचंय?"

ह्या खान्यात खरी मजा असते आणि कोणी वाचत नाही. पहिली पन्नास उत्तरं नुसती वाचा, मग विषयांची छोटी यादी करा: पार्किंग, धंदा बुडेल, देवीला येणारे भाविक, रुग्णवाहिका, शिव्या. प्रत्येक उत्तराला कोड द्या. दोघांनी वेगवेगळं बसून द्या आणि मग ताडून बघा, जिथं जुळत नाही तिथं यादीच धूसर आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, ते तर अख्खा नमुनाच दोन तुकड्यांत वाटून दोन वेगळ्या टीमना द्यायचे, म्हणजे कोणाच्या हाताखाली आकडे वळतायत ते लगेच उघडं पडायचं. तुमच्याकडं चार मुलं सर्व्हेला असतील तर प्रत्येकानं आणलेले टक्के वेगळे काढून बघा, एकाच्याच फॉर्ममध्ये ९० टक्के "हो" असेल तर तो घरी बसून भरतोय की प्रश्नच वळवून विचारतोय ते आधी बघा.

पायरी ११: रिपोर्ट

पहिल्या पानावरच टाका: कधी विचारलं, कुठं, कसं, किती जणांना गाठलं, किती जणांनी दिलं, प्रश्नाचे नेमके शब्द, वजन दिलं की नाही. प्रश्नाचे शब्द लयच महत्त्वाचे, "ट्रॅफिकच्या त्रासातून सुटका म्हणून रोड बंद ठेवावा का" असं विचारलं असेल तर वाचणाऱ्याला ते कळायला हवं. टेबलाच्या खाली तळाचा आकडा, तक्ते साधे आडवे पट्टे, थ्रीडी गोल अजिबात नाही, पुढची फोड उगाच मोठी दिसते. पट्ट्यांचा अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर ४० आणि ४७ मध्ये दुप्पट फरक दिसतो. साफ केलेली फाइल नावं-नंबर काढून सोबत जोडा, म्हणजे कोणाला शंका आली तर त्यानं स्वतः पिव्हट टाकून बघावं, आणि जिथं गट तीसच्या खाली आहे तिथं टक्क्याच्या जागी नुसता आकडा लिहून सोडा.